पदर उलटा करून बघा

मागच्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी एका प्रदर्शनातून पैठणी घेतली, अठरा हजारांची, स्टॉलवाला म्हणाला ताई एकदम ओरिजिनल हातमाग आहे, हातमागाचं लेबल पण होतं, आणि मी खूश होऊन घरी आले. आईने साडी मांडीवर घेतली, पदर उलटा केला, दोन सेकंद बघितलं आणि घडी घालून पिशवीत परत ठेवली. बोलली काहीच नाही. आमच्या घरात आई काही बोलली नाही की समजायचं काय ते.

मग मी पण उलटा करून बघितलं. मोराच्या पोटाखाली धागे कापलेले होते, बारीक बारीक, खुरटलेल्या दाढीसारखे. आईने तिची लग्नातली पैठणी कपाटातून काढून शेजारी ठेवली, तिचा पदर कुठली बाजू सुलट आणि कुठली उलट तेच कळेना. दोन्हीकडे मोर तसाच, रंग तसाच, एक धागा लोंबत नव्हता. मी चिडले, मला फसवलं म्हणून मैत्रिणींच्या ग्रुपवर चार मेसेज टाकले, आणि मग जरा शोधाशोध केल्यावर कळलं की त्या माणसाने मला फसवलंच नव्हतं, म्हणजे कायद्याने तरी नाही. साडी हातमागाचीच होती. फक्त त्या हातमागावर जकार्ड बसवलेलं होतं, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारी यंत्रणा. लेबल खरं, साडी हातमागाची, किंमत त्याच्या मते बरोबर, आणि तरी मी जे समजून पैसे दिले ते हे नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात हाच भुंगा आहे. परंपरा विरुद्ध तंत्रज्ञान असा वाद आपल्याकडे नेहमी होतो, एका बाजूला हातमाग वाचवा म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला अहो काळाबरोबर बदला म्हणणारे, आणि मला वाटतं दोघंही त्या पदराची उलटी बाजू बघत नाहीत.

आधी हा फरक नेमका काय ते सांगते, कारण अर्ध्या लोकांना तो माहीतच नसतो, मलाही नव्हता. खऱ्या पैठणीच्या पदराचं विणकाम एकदम साधं असतं, एक धागा वर एक खाली, चटईसारखं. गंमत आडव्या धाग्यात आहे. साध्या कापडात बाणा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जातो, एकच धोटा इकडून तिकडे पळतो. पैठणीच्या पदरात तसं नाही. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो आणि परत फिरतो, शेजारचा जरीचा धागा तिथपर्यंत येतो, दोघं एकमेकांत अडकतात आणि आपापल्या दिशेला परत जातात. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, एका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या, आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे बोटांनी मोजत मोजत कुठली तिल्ली कुठे वळवायची ते विणकर ठरवतो. म्हणून मागे लोंबायला धागाच उरत नाही. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा. आणि म्हणूनच जवळून बघितलं तर पानाफुलांच्या कडा गोल नसतात, पायऱ्यापायऱ्यांच्या असतात.

जकार्डमध्ये हे काम वरची यंत्रणा करते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकापाठोपाठ एक फिरतात, भोक असेल तिथला आकडा धागा उचलतो, नसेल तिथला नाही. विणकराने पायाने पावडी दाबायची आणि धोटा फेकायचा. रंगीत धागा आरपार जातो, जिथे हवा तिथे वर दिसतो आणि बाकीचा मागे लोंबतो, तो नंतर कापून टाकतात. मोर मात्र फार सुबक येतो, कडा गोल, पिसं मोजून घ्या. खरं सांगायचं तर माझ्या अठरा हजारांच्या साडीवरचा मोर आईच्या मोरापेक्षा दिसायला छान आहे. हे मी आईला सांगितलेलं नाही.

जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आणलं. पुढे १८३९ मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं तेव्हा २४,००० पट्ट्या लागल्या होत्या, आणि ते चित्र चार्ल्स बॅबेजकडे होतं, तोच तो कॉम्प्युटरचा आद्य पुरुष, त्याने आपल्या यंत्रासाठी भोकांच्या पट्ट्यांची कल्पना जकार्डच्या मागावरूनच उचलली. आयटीवाले आपण सगळे एका अर्थाने मागावरूनच आलोय. पण मला यातून वेगळीच गोष्ट दिसते. जकार्डने विणकराच्या डोक्यातला हिशोब बाहेर काढला आणि पट्टीवर लिहून ठेवला. एकदा लिहिला की तो विकता येतो, कॉपी करता येतो, येवल्यातून सुरतेला जाऊ शकतो. तिल्लीवाल्याचा हिशोब त्याच्या बोटात असतो, तो नेता येत नाही, शिकावाच लागतो, आणि शिकायला वर्षं जातात. नवं तंत्रज्ञान आलं म्हणजे हात वाचले असं आपण म्हणतो, पण त्याबरोबर ज्ञानाचा मालक कोण हे पण बदलतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता लगेच कुणी म्हणेल की म्हणजे तुम्ही यंत्राच्या विरोधात. अजिबात नाही. मुळात ज्याला आपण परंपरा म्हणतो ती तरी कुठे जागेवर उभी होती? जुन्या काळच्या पैठणीचं अंग सुती असायचं, रेशीम काठाला आणि पदराला. आज तुम्ही सुती अंगाची पैठणी दाखवलीत तर गिऱ्हाईक म्हणेल खोटी आहे. रंगांचंही तसंच, पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग शोधला, १८९७ ला जर्मनीत कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची मंजिष्ठ, नीळ, कुसुंबा हे सगळं बाजूला पडलं. आज आपण ज्या राणी कलरला एकदम पारंपरिक म्हणून नाक वर करतो तो डब्यातून येतो. रेशीम बहुतेक बेंगळुरूकडचं, जर सुरतेची. जरीचं तर विचारूच नका, पूर्वी चांदीचा तार त्याला सोन्याचा मुलामा, म्हणून तर जुन्या फाटक्या पैठण्या लोक जाळून चांदी काढायचे, बोहारणी जरीच्या साड्यांवर डोळा ठेवून असायच्या. आता बऱ्याच साड्यांत तांब्यावर मुलामा असलेली टेस्टेड जर किंवा सरळ चमकणारं प्लास्टिक. नऊवारीची सहावारी झाली. आणि शिवलेली नऊवारी! तिला तर मी दंडवत घालते. पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेल्या निम्म्या बायकांच्या नऊवारीला आत नाडी किंवा इलॅस्टिक असतं आणि त्यात काहीही वाईट नाही, पाच मिनिटांत घालून होते, सुटायची भीती नाही, आजी लोक नाकं मुरडतात पण त्यांनाही गुडघेदुखीमुळे आता तीच बरी पडते. कपडा अंगावर घालायचा असतो, म्युझियममध्ये ठेवायचा नसतो. अंगाला सोयीचं झालं तर तो टिकतो.

म्हणजे बदल हा प्रश्न नाहीये. बदल नक्की कुठे घुसतो आणि त्याचा फायदा कुणाच्या खिशात जातो, हा आहे.

येवल्यात मी एकदा गेले होते, ओळखीतून एका घरी माग बघायला मिळाला. घर म्हणजे पुढची खोली मागाची, मागची खोली माणसांची. विणकर काका जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, कंबर वाकलेली, डोळे पदरावर. मी आपली शहाण्यासारखी विचारलं की काका, तुम्ही जकार्ड का नाही लावत. ते म्हणाले लावलंय की, पोराच्या मागावर आहे, तो म्हणतो डोळे फोडून काय मिळतं. भारी पदराच्या साडीला महिने जातात, एखादीला वर्ष, आणि तेवढ्या वेळात जकार्डवर किती साड्या उतरतात ते मोजायला नको. पोराचं चुकलं असं म्हणायची माझी तरी हिंमत झाली नाही. मी एसीत बसून लॅपटॉपवर काम करणार आणि त्याने मात्र माझ्या हौसेसाठी खड्ड्यात बसून तिल्ल्या मोजायच्या, का तर संस्कृती टिकली पाहिजे. हे असं संस्कृतिप्रेम फुकटचं असतं.

आकडाच सांगते. २०१९-२० ची चौथी हातमाग गणना झाली, त्यात देशात ३५ लाखांच्या वर लोक हातमागाच्या कामात होते आणि साधारण दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न ५ हजारांच्या खाली होतं. पाच हजार. आपल्याकडे ब्लाउजच्या आरी वर्कला याच्यापेक्षा जास्त घेतात.

पण इथेच ती लेबलची भानगड येते. समजा बाजारात तिल्लीची साडी आणि जकार्डची साडी शेजारी शेजारी टांगली, दोन्हींवर हातमाग लिहिलंय, दोन्हींना पैठणी म्हणतात, आणि गिऱ्हाइकाला उलटी बाजू बघायची अक्कल नाही. मग तो जास्त पैसे कशाचे देईल? जी स्वस्त आणि मोर सुबक ती घेईल. तिल्लीवाल्याला जकार्डच्या भावात विकावं लागतं, त्याला परवडत नाही, तो पण जकार्ड लावतो किंवा पोराला नाशिकला कंपनीत पाठवतो. पाच-दहा वर्षांत तिल्लीवालेच कमी. मग आपण परिसंवाद घेतो की कला लोप पावत आहे. अहो लोप नाही पावत, तुम्ही तिची किंमत लपवली. हापूसचं हेच होतं, कुठलाही आंबा पेंढ्यात घालून देवगड म्हणून विकायचे आणि खऱ्या बागायतदाराला भाव मिळायचा नाही. शेवटी देवगडवाल्यांनी प्रत्येक आंब्यावर कोडचा स्टिकर लावायला घेतला. काही शे रुपये डझनाच्या आंब्याला जे जमतं ते अठरा हजारांच्या साडीला का नाही जमत?

कायदे नाहीत असं नाहीये, कायदे भरपूर आहेत. १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे, सुरुवातीला त्यात २२ वस्तू फक्त हातमागासाठी राखीव होत्या, १९९६ मध्ये त्या ११ वर आल्या, साडी अजून यादीत आहे. त्या कायद्यात हातमाग म्हणजे काय तर यंत्रमाग नसलेला कुठलाही माग, संपलं. त्याच्यावर जकार्ड असो, तिल्ली असो, काही असो. २००६ मध्ये हातमागाचं लेबल आलं, तेही हेच सांगतं, की वीज वापरून विणलेलं नाही. रेशीम खरं आहे की नाही ते सिल्क मार्क सांगतं. पैठणीला जीआय पण मिळालंय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क. जीआयच्या कायद्यात खोटं नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलाय, आता मला सांगा, पैठणी म्हणून प्रिंट विकली म्हणून कुणी आत गेल्याचं तुम्ही ऐकलंय का? म्हणजे साडीवर तीन-तीन लेबलं लागू शकतात आणि तरीही मला हवी ती एक गोष्ट, की हा मोर बोटांनी काढलाय की पट्टीने, ती कुठेच लिहिलेली नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेबलवर विणायची पद्धत लिहा. हातमाग तिल्ली, हातमाग जकार्ड, यंत्रमाग, छपाई. चार शब्द. पदराच्या कोपऱ्यात शिवून टाका, क्यूआर कोड लावायचा तर लावा, त्यात कुठल्या गावात विणली आणि किती दिवस लागले ते पण टाका. यातल्या कुठल्याही प्रकाराला बंदी नको. मी स्वतः माझी जकार्डची साडी आनंदाने नेसते, फक्त ती अठराऐवजी अकरा-बाराला मिळाली असती, आणि वरचे पैसे ज्याचे आहेत त्याला गेले असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या मुलीचं लग्न झालं, तिने बाराशेची, यंत्रमागावरची सेमी पैठणी नेसली होती, हिरवी, नारळी काठाची, आणि तिला ती इतकी शोभून दिसत होती की काय सांगू. तिला तुम्ही सांगणार का की ही खोटी आहे म्हणून? पैठणी एकेकाळी सातवाहनांच्या राजधानीच्या गावचं, मग पेशव्यांचं आणि निजामाचं वस्त्र होतं, सरदार-सावकारांच्या घरात असायची, बाकीच्यांनी लांबून बघायची. यंत्रमागाने ती खाली आणली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, तिथून पुढे भिवंडी, मालेगाव सगळीकडे खडखडाट सुरू झाला आणि त्या खडखडाटावर लाखो घरं चालली, ते पण कामगारच आहेत, बारा-बारा तास उभं राहून कान बहिरे करून घेणारे. हातमागाच्या प्रेमापोटी यंत्रमागवाल्याला व्हिलन करणं मला पटत नाही.

पण नीट बघा, सेमी पैठणी हे नावच मुळात प्रामाणिक आहे! बाजाराने स्वतःच शोधलेला शब्द, कुठल्या समितीने नाही. घेणाऱ्याला माहीत असतं काय घेतोय, विकणाऱ्याला माहीत असतं काय विकतोय. मावशींच्या मुलीला कुणी फसवलं नाही. फसवणूक होते ती पंधरा ते तीस हजारांच्या मधल्या पट्ट्यात, जिथे माझ्यासारख्या नोकरदार बायका प्युअर प्युअर करत फिरतात आणि आपल्याला कळतं असं समजतात.

आणि आता तर आणखी एक. इन्स्टावर एआयने बनवलेल्या पैठण्यांचे फोटो फिरतात, पदरावर अख्खा अजिंठा, मोराच्या पिसात मोर, त्यात सूर्यास्ताची शेड. लोक ते फोटो घेऊन विणकराकडे जातात की अशी पाहिजे. तिल्लीने एवढी बारीक शेड येऊच शकत नाही, पायऱ्या पडतातच, धागा हा धागा असतो तो पिक्सेल नसतो. मग विणकर म्हणतो जमणार नाही आणि छपाईवाला म्हणतो परवा घेऊन जा.

मला गंमत वाटते की ज्या नवीन जगाचं आपल्याला एवढं कौतुक, म्हणजे स्मार्ट कपडे, वेअरेबल वगैरे, ते फिरून आपल्या जरीपाशीच येतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कापडात सर्किट बसवायचे प्रयोग चालू होते. वीज वाहील असं कापड त्यांना हवं होतं. त्यांनी जे वापरलं त्यात एक होतं रेशमी ऑर्गन्झा, म्हणजे पातळ आरपार दिसणारं कापड, धाग्याला धातूची पातळ पट्टी गुंडाळलेलं, आणि २००० साली छापलेल्या त्यांच्या लेखात असं कापड भारतात निदान शतकभर विणलं जातंय असं सरळ लिहिलंय. म्हणजे आपली जर. रेशमाच्या धाग्याभोवती चपटा केलेला तार गुंडाळायचा, हेच ते. आपण त्यात लक्ष्मी बघितली, त्यांनी वायर बघितली.

पुढे २०१५ मध्ये गुगलने एक प्रोजेक्ट जाहीर केला, नाव ठेवलं जकार्ड, बघा, आणि २०१७ मध्ये लिव्हाइजबरोबर डेनिमचं जॅकेट काढलं, साडेतीनशे डॉलरचं. मनगटाजवळ वीज वाहणारे धागे विणलेले, बाहीवर हात फिरवला की फोनवरचं गाणं बदलतं, कॉल घेता येतो. कल्पना झकास होती, धागे मागावरच विणले जात होते, धुता पण येत होतं. २०२३ मध्ये गुगलने त्याचं ॲप बंद केलं. जॅकेट फाटलं नाही, विटलं नाही, शिलाई उसवली नाही, धागा शाबूत, आणि तरीही ते मेलं, कारण त्याचा जीव कापडात नव्हताच, तो दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर होता. सहा वर्षं फक्त. आईची पैठणी चाळीस वर्षांची आहे आणि अजून दर दसऱ्याला हवा खाते.

आता तुम्ही म्हणाल साडीची आणि जॅकेटची काय तुलना. पण तुलना माझी नाहीये, आपल्याकडे ही अट शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी घालून ठेवली होती. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हाचे एक लाख, नवीन चांगला चरखा बनवून दाखवणाऱ्याला. म्हणजे गांधींचे लोक यंत्राला नाही म्हणत होते हा आपला समज अर्धवटच आहे, ते यंत्र मागत होते, फक्त अटी घालून. अटी वाचण्यासारख्या आहेत. खेड्यातल्या घरात चालला पाहिजे. बाईला आठ तास फार न दमता चालवता आला पाहिजे. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. दीडशे रुपयांच्या आत बनला पाहिजे. वीस वर्षं टिकला पाहिजे आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जायला नको. किर्लोस्करांनीही यंत्र देऊन बघितलं, पण सगळ्या अटींत कुणीच बसलं नाही आणि बक्षीस तसंच राहिलं.

मला ही यादी फार आवडते. त्यात परंपरेचं नाव पण नाही. कुठे भावुकपणा नाही. यंत्र कुणाच्या घरात बसणार, कुणाच्या हातात, कुणाच्या खर्चाने, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार आणि किती वर्षं, एवढंच. येवल्यातल्या मागाला हीच यादी लावून बघा. तिल्ल्या भरायला छोटी मोटर, या अटींत बसते, कारण तिल्ली भरण्यात कला नाही, नुसते हात दुखतात, आणि ते काम बहुतेक घरातल्या बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडतं. चांगला प्रकाश बसतो. खड्ड्यातून वर आणणारा, कमरेला आधार देणारा माग बसतो. ताणा करायचं यंत्र बसतं. नक्षी ग्राफ पेपरवर काढण्याऐवजी कॉम्प्युटरवर काढून प्रिंट घेणं बसतं, रंग चार वेळा बदलून बघता येतो, रेशीम वाया जात नाही. केंद्राच्या योजनेत माग, जकार्ड, दिवे यांना ९० टक्के मदत मिळते म्हणतात ती इथेच जायला हवी, पण गंमत अशी की जकार्डला आणि दिव्याला सरकार एकाच रकान्यात टाकतं. दिवा विणकराचे डोळे वाचवतो. जकार्ड पण डोळे वाचवतं, पण त्याबरोबर पैठणीची पैठणी काढून घेतं. घ्यायचं तर घ्या, हरकत नाही, पण त्यातून उतरलेल्या साडीचं नाव वेगळं ठेवा.

सरकारला हे कधी कळलंच नाही असंही नाही. १९५६ च्या आसपास विणकर सेवा केंद्रं सुरू झाली, हातमाग-हस्तकलेसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांच्या पुढाकाराने, आणि तिथे चक्क चित्रकारांना नोकरीवर ठेवलं होतं. आपले प्रभाकर बरवे १९६१ पासून वीसेक वर्षं त्या नोकरीत होते, आधी बनारसला आणि मग मुंबईत. कल्पना करा, एवढा मोठा चित्रकार रोज विणकरांसाठी डिझाइन करतोय, धाग्यात काय येतं आणि काय नाही हे समजून घेतोय. याला मी तंत्रज्ञान म्हणते. नुसतं मशीन म्हणजे तंत्रज्ञान नाही, मागाशेजारी कोण बसलंय ते पण त्यातच येतं. आता मात्र दर ७ ऑगस्टला हातमाग दिवस साजरा होतो, २०१५ पासून, सेल्फी विथ हँडलूम होतं, आणि २०२० च्या जुलैमध्ये, हातमाग दिवसाच्या जेमतेम अकरा दिवस आधी, अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त झालं तेव्हा फारसं कुणी हूं की चूं केलं नाही. मंडळ फार भारी काम करत होतं असं माझं म्हणणं नाही, पण विणकराला जाऊन बोलायला एक टेबल होतं, ते गेलं.

त्या येवल्याच्या घरात परत येते. काकांची सून बारावी झालेली, मागावर बसत नाही, पण तिने फोनवर साड्यांचे व्हिडिओ करायला सुरुवात केलीये. लाइव्ह करते. आणि ती पहिली गोष्ट काय करत असेल तर पदर उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरते. बोट ठेवून दाखवते, ही बघा ताई मागची बाजू, हा धागा इथून वळला. मग जकार्डची साडी घेते, ती पण उलटी करते, सांगते की ही नवऱ्याच्या मागावरची, मागे धागे कापलेत, म्हणून हिची किंमत एवढी. एकाच घरात दोन माग, दोन किमती, आणि दोन्ही विकल्या जातात. तिला कुठल्या योजनेतून काही मिळालेलं नाही, मोबाइल हप्त्यावर घेतलाय, आणि मी वर जे लेबल लेबल म्हणून एवढं लांबण लावलं ते ती रोज संध्याकाळी तोंडाने करते. फक्त तिचा व्हिडिओ बघणारे दीडशे लोक आणि प्रदर्शनात जाणारे हजारो.

परवा तोच स्टॉल आमच्याकडच्या हॉलमध्ये परत आला होता. मी गेले. साडी उघडली, पदर उलटा केला आणि विचारलं, तिल्ली की जकार्ड? स्टॉलवाल्याने आधी साडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, ताई तुम्ही येवल्याच्या का? मग खालच्या खोक्यातून दुसरी काढली. तिची किंमत ऐकून मी घरी आले.